गाडी चालवताना पिस्तूल सुरक्षित आणि हाताशी कसे ठेवावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे अमेरिकेत कायदेशीररीत्या पिस्तूल बाळगणाऱ्या आणि रोज गाडीने प्रवास करणाऱ्या व्यक्तींसाठी आहेत. राज्य बदलले की नियम बदलतो, त्यामुळे ज्या ज्या राज्यातून गाडी जाणार आहे तेथील सध्याचा कायदा निघण्यापूर्वी स्वतः तपासून घेणे आवश्यक आहे.

गाडीत पिस्तूल ठेवण्याची सर्वांत योग्य जागा कोणती?

कायद्याची परवानगी असेल तर स्वतःच्या अंगावर, ट्रिगर पूर्णपणे झाकणाऱ्या होल्स्टरमध्ये, म्हणजे अंगावर लावायच्या पिस्तुलाच्या म्यानात. हे उत्तर अनेकांना निराश करते, कारण प्रश्न विचारताना त्यांच्या मनात सीटखाली, दाराच्या कप्प्यात किंवा स्टिअरिंगजवळ बसवता येईल असे एखादे सोयीचे उपकरण असते. परंतु अंगावरचे पिस्तूल गाडीतून उतरताना मागे राहत नाही, अपघातात सुटून उडत नाही, मागच्या सीटवरच्या मुलाच्या हाती सहजासहजी लागत नाही आणि काच फोडणाऱ्या चोराला मिळत नाही. यापेक्षाही महत्त्वाचे कारण असे की ते पुन्हा पुन्हा हाताळावे लागत नाही. नकळत गोळी सुटण्याच्या घटना बहुधा पिस्तूल होल्स्टरमध्ये स्वस्थ असताना घडत नाहीत; ते काढताना, परत घालताना किंवा एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवताना घडतात. गाडीत बसल्यावर पिस्तूल कमरेवरून काढून कन्सोलमध्ये, म्हणजे पुढच्या दोन सीटमधल्या कप्प्यात ठेवायचे आणि उतरताना पुन्हा कमरेला लावायचे, असा क्रम दिवसातून चार वेळा झाला तर भरलेले शस्त्र आठ वेळा हाताळले गेले, आणि तेही अरुंद जागेत, बसलेल्या अवस्थेत, बहुतेकदा घाईत.

दुसरी स्वीकारार्ह जागा म्हणजे गाडीच्या सांगाड्याला पक्की जोडलेली कुलूपबंद पेटी. ती मुख्यतः अशा वेळेसाठी आहे, जेव्हा पिस्तूल बरोबर नेता येत नाही. या दोहोंच्या मधले जवळजवळ सगळे पर्याय ही तडजोड आहे, आणि ती तडजोड कशाशी आहे हे जाणूनच करावी.

मी अमेरिकेत व्हिसावर आहे. मला पिस्तूल बाळगता येईल का?

हा प्रश्न खरे तर पहिलाच असायला हवा. संघराज्याच्या कायद्यानुसार स्थलांतरितेतर व्हिसावर, म्हणजे एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या व्हिसावर प्रवेश दिलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. या नियमाला अपवाद आहेत आणि त्यांपैकी एक वैध शिकार परवान्याचा आहे. मात्र अपवादाच्या भरवशावर राहण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा, कारण येथील चूक हा गंभीर गुन्हा ठरतो आणि तिचा परिणाम इमिग्रेशनवरही होतो. ग्रीन कार्डधारकांना ही विशिष्ट मनाई लागू होत नाही. पती किंवा पत्नी नागरिक असून शस्त्र त्यांच्या नावावर आहे एवढ्याने प्रश्न सुटत नाही, कारण कायदा मालकीबरोबरच ताबाही पाहतो आणि कन्सोलमधले पिस्तूल कोणाच्या ताब्यात आहे याचे उत्तर नेहमीच सोपे नसते.

गाडीसाठी होल्स्टर निवडताना काय पाहावे?

पहिली अट ट्रिगरची. ट्रिगर आणि त्याभोवतीचे कडे कडक पदार्थाने संपूर्ण झाकलेले असावे, म्हणजे बाहेरून बोटाने दाबले तरी ट्रिगरपर्यंत दाब पोहोचणार नाही. त्यासाठी केडेक्ससारखे साच्यात बसवलेले प्लॅस्टिक किंवा जाड, आकार टिकवून धरणारे चामडे चालते. कापडी, मऊ, सगळ्या पिस्तुलांना बसणारे होल्स्टर चालत नाही. दुसरी अट पकडीची. पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून ते होल्स्टरमध्ये घालावे, होल्स्टर गादीवर उलटे धरून हलवावे आणि पिस्तूल बाहेर पडत नाही हे पाहावे. तिसरी अट क्लिपची, आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. सीटवर सरकताना, वळताना, पट्टा ओढताना स्वस्तातली क्लिप कमरपट्ट्यावरून वर सरकते आणि पिस्तूल उपसताना त्याच्याबरोबर होल्स्टरही हातात येते.

क्लिप अशीही हवी की गरज पडल्यास पिस्तूल होल्स्टरसकट एकत्र काढता येईल. पेटीत ठेवण्याची वेळ आली तर पिस्तूल होल्स्टरमधून उपसू नये; दोन्ही मिळून काढावे आणि तसेच ठेवावे, म्हणजे ट्रिगर एक क्षणही उघडा पडत नाही.

उजव्या कमरेवर पिस्तूल असले की सीटबेल्टशी अडचण होते. काय करावे?

ही अडचण खरी आहे आणि तिचे कारण गाडीच्या रचनेत आहे. अमेरिकी गाडीत चालक डावीकडे बसतो, पट्टा डाव्या खांद्यावरून खाली येतो आणि त्याचे खटक्याचे टोक उजव्या कमरेशी अडकते. बहुसंख्य उजव्या हाताच्या लोकांचे पिस्तूलही नेमके तेथेच असते. एका वीतभर जागेत पट्ट्याचे कुलूप, कन्सोलची कड, होल्स्टर आणि सदऱ्याचे टोक हे सगळे एकत्र येते.

उभ्या गाडीत, रिकाम्या पिस्तुलानिशी आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून हे एकदा शांतपणे करून पाहावे. बसल्यावर आधी सदरा होल्स्टरच्या मागे मोकळा आहे का ते पाहावे. पट्ट्याच्या खालच्या भागात कापड अडकले तर पिस्तुलापर्यंत हात पोहोचतच नाही. मग पट्टा लावून त्याचा मांडीवरचा भाग कोठे बसतो ते बोटाने चाचपावे. तो कमरेच्या हाडांवर, खाली आणि घट्ट बसला पाहिजे. होल्स्टरवरून तो वर चढून पोटावर आला असेल तर टक्कर झाल्यावर तो हाडांऐवजी पोटातल्या अवयवांवर दाब देईल. अशा वेळी पट्टा होल्स्टरच्या खालून, मुठीच्या मागून नेता येतो का हे पाहावे आणि ते जमत नसेल तर होल्स्टरची जागा बदलावी. पिस्तुलासाठी पट्टा सैल ठेवणे किंवा न लावणे हा पर्यायच नाही. रस्त्यावर टक्कर होण्याची शक्यता हल्ला होण्यापेक्षा कितीतरी जास्त असते.

उतरतानाची एक बारीक गोष्टही याच सरावात लक्षात येते. खटका सोडल्यावर पट्टा वर झेपावतो आणि त्याचे धातूचे टोक सदऱ्याची कड बरोबर घेऊन जाते. वाहनतळावर उभे राहिल्यावर पिस्तूल उघडे दिसते ते बऱ्याचदा यामुळे. पट्टा हाताने धरून सावकाश सोडावा, एवढाच त्यावर उपाय.

पोटाजवळ, घोट्यावर किंवा खांद्यावर ठेवलेले पिस्तूल बसून सोयीचे पडते का?

पोटासमोर लावलेले होल्स्टर बसलेल्या अवस्थेत हाताला सर्वांत जवळ असते आणि पट्ट्याच्या कुलपापासून दूर राहते. त्याचा तोटाही तितकाच ठळक आहे. बसल्यावर नळी मांडीकडे किंवा जांघेकडे वळते आणि तेथून मांडीची मोठी रोहिणी जाते. ज्यांचा हात सरावलेला आहे आणि होल्स्टर निर्दोष आहे त्यांनीच ही जागा निवडावी, आणि गाडीत बसून पिस्तूल होल्स्टरमध्ये परत घालण्याचा प्रसंग शक्यतो येऊ देऊ नये.

घोट्यावरचे होल्स्टर उभे असताना गैरसोयीचे असले तरी बसून बरे पडते. मात्र ते पेडल चालवणाऱ्या पायावर नसावे. खांद्याच्या होल्स्टरमध्ये आडव्या ठेवलेल्या पिस्तुलाची नळी मागे रोखलेली असते, आणि गाडीत मागे म्हणजे मागच्या सीटवरचा माणूस. पर्समध्ये ठेवायचे असल्यास त्यासाठी स्वतंत्र, फक्त त्याच कामाचा कप्पा आणि आत पक्के होल्स्टर हवे. किल्ल्या आणि पेन यांच्याबरोबर भरलेले पिस्तूल ठेवणे निष्काळजीपणाचे आहे. शिवाय पर्स शेजारच्या सीटवर ठेवली जाते आणि जोराचा ब्रेक लागला की ती पायाशी जाऊन पडते.

स्टिअरिंगखाली चुंबकाने पिस्तूल अडकवण्याची सोय मिळते. ती कशी आहे?

माझ्या मते ती घेऊ नये. जाहिरातीत चुंबक किती वजन पेलतो ते लिहिलेले असते, पण तो आकडा सपाट, जाड पोलादावरून सरळ ओढल्यावरचा असतो. बाजूने सरकवणाऱ्या बळापुढे तोच चुंबक कितीतरी कमी टिकतो, आणि टकरीत बळ कोणत्या दिशेने येईल हे ठरलेले नसते.

टकरीचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ताशी ३० मैलांवर, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरवर गाडी अचानक थांबली तर आतली सुटी वस्तू त्याच वेगाने पुढे जात राहते. हा वेग ती वस्तू नऊ मीटरहून थोड्या अधिक उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्यावर जमिनीशी असतो तेवढा. पाऊण किलोच्या धातूच्या तुकड्यासाठी एवढा वेग फार झाला. बहुतेक आधुनिक पिस्तुलांत आदळल्यावर गोळी सुटू नये यासाठी अडथळा असतो. सगळ्यांत तो नसतो, आणि जुन्या घडणीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये भरलेल्या खान्यावर टेकलेल्या घोड्यावर आघात झाला तर गोळी सुटू शकते. त्यात अनेक गाड्यांमध्ये स्टिअरिंगखाली गुडघ्यांसाठी एअरबॅग असते. ती उघडण्याच्या वाटेत पिस्तूल अडकवून ठेवणे म्हणजे ते स्वतःच्याच अंगावर फेकले जाण्याची व्यवस्था करणे होय.

आणखी एक दोष असा की अशा चुंबकावर पिस्तूल बहुधा उघडेच चिकटवले जाते, म्हणजे ट्रिगर झाकलेला नसतो.

मग ग्लोव्ह बॉक्स किंवा कन्सोल?

ग्लोव्ह बॉक्समध्ये बहुतेकांची गाडीच्या नोंदणीची आणि विम्याची कागदपत्रे असतात. पोलिसाने गाडी थांबवून कागदपत्रे मागितली की चालकाचा हात थेट त्याच झाकणाकडे जातो, झाकण पडते आणि कागदांच्या वर पिस्तूल दिसते. हा प्रसंग टाळण्यासाठी एवढे तरी करावे की कागदपत्रे सनव्हायझरच्या पाकिटात हलवावीत.

कन्सोल आणि ग्लोव्ह बॉक्सचे कुलूप प्लॅस्टिकच्या जिभेवर टेकलेले असते. मोठ्या स्क्रू-ड्रायव्हरने ते उघडते. कायदाही त्यांना फारसा मान देत नाही. कॅलिफोर्नियात निर्जन गाडीत पिस्तूल ठेवायचे असेल तर ते डिकीत किंवा नजरेआड असलेल्या कुलूपबंद पेटीत ठेवावे लागते, आणि ग्लोव्ह बॉक्स तेथे कुलूपबंद पेटी म्हणून धरला जात नाही. सीटखालची जागा याहून वाईट, कारण ब्रेक दाबल्यावर तेथली वस्तू पुढे सरकून पेडलखाली येऊ शकते. दाराच्या कप्प्याबद्दल वेगळे सांगण्याची गरज नाही.

गाडीतली कुलूपबंद पेटी कशी निवडावी?

पेटीची परीक्षा ती उघडायला किती वेळ लागतो यावर करण्याआधी ती उचलून न्यायला किती वेळ लागतो यावर करावी. बाजारातल्या अनेक छोट्या पेट्यांबरोबर एक तारेची दोरी येते. ती सीटच्या लोखंडी सांगाड्याभोवती गुंडाळून पेटीला अडकवायची असते. ही दोरी काच फोडून हात घालणाऱ्या भुरट्या चोराला थांबवते, हातात तार कापण्याचे अवजार असलेल्याला थांबवत नाही. जाड पोलादाची, बोल्टने सीटच्या रुळाला किंवा कन्सोलच्या आतल्या सांगाड्याला जोडलेली पेटी बरीच बरी. मात्र गाडीच्या तळाला स्वतः भोक पाडण्यापूर्वी खाली काय आहे ते पाहावे. तेथून इंधनाची नळी, ब्रेकची नळी, एअरबॅगच्या तारा आणि हायब्रिड गाडीत उच्च दाबाच्या विजेच्या केबल जात असू शकतात.

कुलपाच्या प्रकारांत बोटांच्या ठशाचे कुलूप दुकानात छान वाटते. घामेजलेल्या, ओल्या किंवा हातमोजे घातलेल्या हाताला ते दगा देते, आणि तापलेल्या किंवा गोठलेल्या गाडीत त्याची बॅटरी घरातल्यापेक्षा लवकर संपते. ते घ्यायचेच तर वर्षातून दोनदा ठरलेल्या तारखेला बॅटरी बदलावी आणि पर्यायी किल्ली गाडीत न ठेवता स्वतःजवळ ठेवावी. बटणे दाबून उघडणारे, बॅटरी नसलेले यांत्रिक कुलूप अंधारात, न पाहता उघडता येते आणि गाडीसाठी मला तेच अधिक भरवशाचे वाटते.

पेटीत पिस्तूल दर वेळी एकाच दिशेने ठेवावे, म्हणजे झाकण उघडताच मूठ हाताशी येईल आणि नळी कोणाकडे आहे हे आधीच ठाऊक असेल. पेटी बाहेरून दिसू नये. गाडीच्या काचेवर पिस्तुलाच्या कंपनीचा स्टिकर लावणे म्हणजे आत काय आहे याची पाटी लावणेच आहे, हेही येथेच सांगून टाकलेले बरे.

जेथे पिस्तूल नेण्यास बंदी आहे अशा ठिकाणी जायचे असेल तर?

पोहोचल्यावर वाहनतळावर पिस्तूल काढून पेटीत ठेवू नये. आजूबाजूच्या गाड्यांतून कोण पाहत आहे हे कळत नाही, आणि पाहणाऱ्याला मालक आत गेला की वेळ मोकळाच असतो. निघण्यापूर्वी घरीच ठेवावे; ते शक्य नसेल तर वाटेत एखाद्या निवांत जागी थांबून हे काम उरकावे.

शाळांविषयी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. १९९० च्या संघीय कायद्यातून आलेला, बंदूक बाळगण्यास मनाई करणारा नियम शाळेच्या आवारापासून १००० फुटांपर्यंतच्या सार्वजनिक जागेला लागू आहे, म्हणजे शाळेसमोरचा रस्ताही त्यात येतो. त्या राज्याने दिलेला परवाना असणाऱ्यास सूट आहे, तसेच शस्त्र रिकामे आणि कुलूपबंद पेटीत असल्यासही सूट आहे. परिणामी ज्या राज्यांत परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येते तेथेही गाडी चालवणाऱ्याने परवाना काढून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

राज्याची सीमा ओलांडताना कोणती काळजी घ्यावी?

एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालेलच असे नाही. १९८६ चा संघीय कायदा प्रवाशाला काही संरक्षण देतो: जेथून निघालो आणि जेथे जायचे आहे त्या दोन्ही ठिकाणी शस्त्र कायदेशीर असेल, ते रिकामे असेल, आणि शस्त्र व काडतुसे दोन्ही प्रवाशांच्या बसण्याच्या भागातून सहज हाताशी येणार नाहीत अशी असतील, तर मधल्या राज्यांतून जाता येते. ज्या गाडीला वेगळी डिकी नाही तेथे ती कुलूपबंद पेटीत हवीत आणि ती पेटी म्हणजे ग्लोव्ह बॉक्स किंवा कन्सोल नसावा. येथे हाताशी असण्याचा प्रश्नच संपतो. हाताशी नसणे हीच अट आहे.

हे संरक्षण प्रवास चालू असेपर्यंतचे आहे. विमान चुकल्यामुळे न्यू जर्सीत हॉटेलात रात्र काढावी लागलेल्या एका प्रवाशाला ते लागू होत नाही, असा निकाल २०१० मध्ये तिसऱ्या सर्किटच्या, म्हणजे न्यू जर्सी ज्याच्या कक्षेत येते त्या संघीय अपील न्यायालयाने दिला. सामान हाती आले तेव्हा शस्त्र त्याच्या हाताशी आले, हे त्याचे कारण. गाडीने जाणाऱ्यानेही मुक्कामाचे राज्य नकाशावर आधी पाहावे.

पोलिसाने गाडी थांबवली तर?

बाजूला थांबून इंजिन बंद करावे, रात्र असल्यास आतला दिवा लावावा, काच खाली करावी आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावेत. मिशिगनसारख्या काही राज्यांत पिस्तूल जवळ असल्याचे लगेच सांगणे बंधनकारक आहे, तर इतर अनेक राज्यांत विचारल्यावर सांगितले तरी चालते. सांगताना आधी परवान्याचा उल्लेख करावा, मग पिस्तूल कोठे आहे ते सांगावे आणि आपण काय करावे असे विचारावे. हात तसेच ठेवावेत. पिस्तूल दाखवण्यासाठी किंवा काढून देण्यासाठी स्वतःहून हालचाल करू नये.

गाडीत लहान मुले असतात. त्यांच्यासाठी वेगळे काय करावे?

पिस्तूल अंगावर किंवा कुलपात. तिसरी जागा नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. लहान मूल बोटाऐवजी दोन्ही अंगठ्यांनी ट्रिगर दाबू शकते, आणि तसे करताना नळी त्याच्या स्वतःकडे असते. पेट्रोल भरताना पालक खाली उतरतो, मूल आत राहते, आणि कन्सोल दोन सीटच्या मधोमध असतो.

गाडी दुरुस्तीला किंवा वाहनतळावरच्या सेवकाच्या हाती देण्यापूर्वीही हाच नियम.

चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या ज्या खान्यातून गोळी सुटते त्यात, गोळी भरून ठेवावी का?

उत्तम होल्स्टरमध्ये अंगावर पिस्तूल बाळगणारे सरावलेले लोक बहुधा ठेवतात. ज्याचा सराव कमी आहे त्याने ठेवू नये, आणि काही परिस्थितींत भरलेले पिस्तूल गाडीत ठेवण्यासच कायदा मनाई करतो.

उन्हात बंद गाडीत पिस्तूल ठेवले तर काही बिघडते का?

पिस्तुलाचे फारसे नाही. काडतुसे मात्र थंड आणि कोरड्या जागी ठेवायची असतात. उन्हाळाभर गाडीत राहिलेली काडतुसे सरावात संपवून नवी भरावीत. केडेक्सचे होल्स्टर डॅशबोर्डवर थेट उन्हात राहिल्यास मऊ होऊन त्याचा आकार बिघडू शकतो. दमट हवेत पेटीच्या आत घाम धरतो आणि गंज चढतो, तेव्हा ओलावा शोषणारी पुडी आत ठेवावी.

रस्त्यात कोणी अंगावर आला तर पिस्तूल दाखवून त्याला थांबवता येईल का?

दुसऱ्या चालकाच्या शिव्या, हॉर्न किंवा आडवी घातलेली गाडी हे पिस्तुलाला हात लावण्याचे कारण नाही. धाक दाखवण्यासाठी ते वर धरले तरी अनेक ठिकाणी तो गुन्हा होतो, आणि आपण निर्दोष असलो तरी समोरच्याने आधी पोलिसांना फोन केलेला असतो. चालू गाडीत बसलेल्या माणसाजवळ निघून जाण्याचे साधन असते. समोरच्या गाडीची मागची चाके रस्त्याला टेकलेली दिसतील इतके अंतर सिग्नलला ठेवले, तर बाजूने बाहेर पडायला जागा राहते.

पिस्तूल गाडीतून चोरीला गेले तर काय करावे?

संघराज्याच्या शस्त्र विभागाने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत खासगी व्यक्तींकडून चोरीला गेल्याची नोंद झालेल्या बंदुकांची संख्या दहा लाखांहून अधिक होती. चोरी लक्षात येताच पोलिसांत तक्रार द्यावी. अनेक राज्यांत ठरावीक मुदतीत ती देणे सक्तीचे आहे. तक्रारीत अनुक्रमांक विचारला जातो आणि तो बहुतेकांना आठवत नाही, कारण तो पिस्तुलावरच कोरलेला असतो. आजच पिस्तूल रिकामे करून त्या क्रमांकाचे स्पष्ट छायाचित्र काढावे, खरेदीच्या पावतीबरोबर घरी ठेवावे, आणि त्याची एकही प्रत गाडीत ठेवू नये.